खोली, मेस आणि पाण्याचा जार

दहावीचा निकाल लागला, की लातूरच्या ट्यूशन एरियातल्या विजेच्या खांबांवर, दुकानांच्या शटरवर आणि घरांच्या फाटकांवर पाट्या चढतात. ‘मुलांसाठी खोली’, ‘मुलींसाठी हॉस्टेल’, ‘कॉट बेसिस’, ‘घरगुती मेस’, ‘चोवीस तास पाणी’. नांदेडला भाग्यनगर, श्यामनगर, बाबानगर या भागांत हेच चित्र. जळकोट, मुखेड, कंधार, किनवट, गंगाखेड, कळमनुरी, माजलगाव अशा गावांतून बाप-लेक किंवा माय-लेकी एसटीतून उतरतात आणि दिवसभर या पाट्या वाचत फिरतात. क्लास कोणता लावायचा हे बहुतेकांचे घरूनच ठरलेले असते. राहायचे कुठे आणि महिन्याला किती लागतील, हे मात्र उन्हात फिरल्यावरच कळते.

शिक्षणाच्या खर्चाची चर्चा आपल्याकडे फीभोवती फिरते. फी भरायची असते तेव्हा घरात बैठक बसते, पाहुण्यारावळ्यांना विचारले जाते, सोने गहाण पडते. राहण्याखाण्याचा खर्च मात्र दर महिन्याला, थोडा थोडा, कुणाला न विचारता होत राहतो. दोन वर्षांनी बेरीज केली तर तो अनेकदा फीच्या बरोबरीने उभा असतो. माझ्या मते मराठवाड्यातल्या कोणत्या घरातले मूल डॉक्टर-इंजिनिअर होण्याच्या रांगेत उभे राहू शकते, हे गुणांइतकेच या महिन्याच्या हिशेबावर ठरते. म्हणून या प्रकरणात तोच हिशेब उलगडून पाहू.

शिकायला परगावी राहणे मराठवाड्याला नवे नाही. निजामाच्या राज्यात मातृभाषेतून शिकायचे तर शाळा शोधत जावे लागे. अंबाजोगाईला १९१७ मध्ये योगेश्वरी शाळा निघाली, १९२१ मध्ये हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली, आणि दूरदूरची मुले तिथे येऊन राहिली. पुढचे शिक्षण म्हणजे हैदराबाद. गरीब मुलगा वार लावून जेवायचा. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे आठवड्याचे सात वार सात घरांत वाटलेले असत. नांदेडला १९५० मध्ये पीपल्स कॉलेज निघाले आणि पदवीसाठी हैदराबाद गाठण्याची सक्ती थोडी सैल झाली.

लातूर तेव्हा व्यापाराचे गाव म्हणून ओळखले जात होते. सोळा रस्ते येऊन मिळतात ती गंजगोलाई, तिच्या भोवतीचा आडत बाजार, डाळमिली, तेलगिरण्या. १९८२ मध्ये उस्मानाबादमधून वेगळा होऊन लातूर जिल्हा झाला. राजर्षी शाहू महाविद्यालयाची घडी प्राचार्य जनार्दन वाघमारे यांनी बसवली, आणि पुढे प्राचार्य अनिरुद्ध जाधव यांच्या काळात जादा तास, सराव चाचण्यांवर चाचण्या, प्रत्येक मुलाच्या चुकांची नोंद अशी शिस्त आली. दयानंद महाविद्यालयही याच वाटेने गेले. बोर्डाच्या गुणवत्ता याद्यांत लातूरची नावे दिसू लागली आणि ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द महाराष्ट्रभर गेला. नंतर सीईटी आली, मग नीट आली, खासगी क्लास वाढले, नांदेडही वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीचे मोठे केंद्र झाले. आज या दोन शहरांत दर जूनला नवी वस्ती उतरते. ती दोन वर्षे राहते, कुणी तिसरे वर्ष रिपीटर म्हणून काढतो, आणि निघून जाते.

आता हिशेब. ट्यूशन एरियात चालत जाता येईल अशा अंतरावर, एका खोलीत दोघे-तिघे राहून कॉट बेसिसवर एका मुलाला साधारण अडीच हजार रुपये भाडे पडते. दोन वेळच्या मेसचे तीन हजार. वीज आणि पिण्याच्या पाण्याचा वाटा चारशे. सकाळचा नाष्टा आणि मेस बंद असते त्या वेळचे खाणे हजार. मोबाइल तीनशे, साबण-केस कापणे-औषधपाणी पाचशे, झेरॉक्स आणि वह्या पाचशे, गावी जाण्या-येण्याचे तीनशे. बेरीज आठ हजार पाचशे. हा काटकसरीने राहणाऱ्या मुलाचा ढोबळ अंदाज आहे. शहराच्या कडेला राहून सायकल हाणणाऱ्याचे सहा हजारांत भागते, आणि एसी, अभ्यासिका, जेवण, कपडे धुणे असे सगळे एकत्र देणाऱ्या हॉस्टेलात बारा-पंधरा हजार सहज लागतात.

आठ हजार पाचशे ही रक्कम मोठी की लहान, हे ती कुठून येते त्यावर ठरते. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत ग्रामीण भारतात माणशी महिन्याचा सरासरी खर्च ४,१२२ रुपये निघाला, शहरी भारतात ६,९९६. म्हणजे खेड्यातल्या घराला लातूरला ठेवलेले एक मूल गावातल्या दोन माणसांएवढे पडते. मराठवाड्यातला शेतकरी हे गणित सोयाबीनमध्ये मांडतो. वर्षाचे अकरा महिने धरले तर ९३,५०० रुपये होतात. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. त्या भावाने साडेसतरा क्विंटल, आणि बाजारात ४,३०० रुपयेच पदरात पडले तर पावणेबावीस क्विंटल. कोरडवाहू जमिनीत एकरी सहा-सात क्विंटल उतारा धरला, तर तीन एकरांची सगळी रास एका मुलाच्या खोली-मेसमध्ये जाते. यात बियाणे, खत, फवारणी, काढणी यांचा खर्च अजून वजा केलेला नाही, आणि क्लासची फीही धरलेली नाही. त्या फीवर पुन्हा १८ टक्के जीएसटी असतो.

पैसा उभा करण्याची वाटही अरुंद आहे. बँकांची शैक्षणिक कर्जे प्रामुख्याने बारावीनंतरच्या अभ्यासक्रमांसाठी असतात. अकरावी-बारावीच्या मुलाची खोली आणि डबा त्यात बसत नाही. म्हणून मग बचत गट, सोनेतारण, आडत्याकडची उचल, नाहीतर सावकार. ज्या टप्प्यावर मुलाचे पुढचे तीस वर्षांचे आयुष्य ठरते, त्या टप्प्यासाठी कर्ज मिळत नाही, ही माझ्या दृष्टीने या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत मोठी उणीव आहे.

खोलीचे भाडे कसे ठरते ते पाहण्यासारखे आहे. योहान हाइनरिक फॉन थ्यूनन या जर्मन जमीनदाराने १८२६ मध्ये दाखवून दिले, की बाजारापासून जसजसे दूर जावे तसतसा जमिनीचा खंड उतरत जातो, कारण माल वाहून नेण्याचा खर्च वाढतो. ट्यूशन एरियात बाजाराच्या जागी क्लासचे फाटक असते. पहाटेचा तास, दुपारचे कॉलेज, संध्याकाळची टेस्ट आणि रात्रीची अभ्यासिका अशा दिवसाच्या चार खेपा होतात. फाटकापासून पायी पाच मिनिटांवरची कोंदट खोली ही तीन किलोमीटरवरच्या हवेशीर खोलीपेक्षा महाग असते, कारण पालक त्या भाड्यातून मुलाचा रोजचा तास-दीड तास विकत घेत असतात. मोठ्या क्लासने नवी इमारत बांधली, की आजूबाजूच्या गल्ल्यांचे भाडे पुढच्या जूनपर्यंत चढलेले असते.

मुलीच्या बाबतीत भाड्यात आणखी एक गोष्ट मोजली जाते, ती म्हणजे धास्ती. फाटक किती वाजता बंद होते, वॉर्डन बाई तिथेच राहतात का, जिन्यात उजेड असतो का, हे बाप आधी बघतो आणि भाडे नंतर विचारतो. त्यामुळे मुलीला ठेवायला महिन्याला हजार-दीड हजार जास्त मोजावे लागतात. दोन मुलांपैकी एकालाच पाठवणे परवडत असेल, तर हा फरक कुणाच्या विरोधात जातो हे सांगायला नको. गावातून रोज ये-जा करणाऱ्या मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा प्रवास मोफत आहे, आणि चाकूर, औसा, लोहा अशा जवळच्या गावांतल्या कितीतरी मुली केवळ त्या पासामुळे शिकतात. पण पहाटे साडेसहाच्या तासाला आणि रात्री नऊपर्यंतच्या अभ्यासिकेला पासाचा उपयोग होत नाही.

विजेचा भाग छोटा, पण वाद त्यावरून जास्त होतात. घरमालक प्रत्येक खोलीला सबमीटर बसवतो आणि युनिटला ठरावीक दर लावतो. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिल्या शंभर युनिटांना कमी, तिथून तीनशेपर्यंत जास्त, पुढे आणखी जास्त. पाच-सहा खोल्यांचा वापर एकाच मुख्य मीटरवर आला की तो वरच्या टप्प्यात जातो. म्हणजे रात्री एक दिवा आणि एक पंखा वापरणारा मुलगा कमी वीज जाळूनही चढ्या दराने पैसे भरतो. ज्या मालकाने प्रत्येक मजल्याला स्वतंत्र मीटर घेतले आहे त्याच्याकडे हा बोजा हलका होतो. खोली बघताना हे विचारून घ्यावे.

मेसकडे मात्र जरा थांबून बघितले पाहिजे, कारण निम्मा हिशेब तिथेच आहे. एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये एक नियम मांडला. घर जितके गरीब तितका त्याच्या खर्चातला अन्नाचा वाटा मोठा, आणि उत्पन्न वाढले की तो वाटा घटतो. वरच्या पाहणीत ग्रामीण भारताचा हा वाटा ४७ टक्के आहे, शहरी भारताचा जवळपास ४० टक्के. आपल्या ट्यूशन एरियातल्या मुलाचे मेस आणि नाष्टा मिळून चार हजार होतात, साडेआठ हजारांतले सत्तेचाळीस टक्के. आकडा जुळला हा योगायोग आहे. पण शहरात येऊनही हा मुलगा खेड्यातल्या घराचाच हिशेब जगत असतो, हे त्यातून कळते.

मेसचा महिना कागदावर तीस दिवसांचा, साठ वेळांचा असतो. रविवारी दुपारी फीस्ट असते. पुरी किंवा पुलाव, एखादा गोड पदार्थ. आणि रविवारी संध्याकाळी मेसला सुट्टी. चार रविवार वजा केले तर छप्पन वेळा उरतात. तीन हजारांना छप्पनने भागले की एका ताटाचे साडेत्रेपन्न रुपये होतात. त्यात तीन-चार चपात्या, एक सुकी भाजी, एक रस्सा, वरण आणि भात. मुलगा गावी गेला तर ‘खाडा’ धरायचा असतो. पण बहुतेक मेसमध्ये खाडा सलग तीन-चार दिवसांचा असेल आणि आधी सांगितला असेल तरच धरतात. शनिवारी रात्री गावी जाऊन सोमवारी सकाळी परतणाऱ्याचे पैसे तसेच जातात. रविवारची संध्याकाळ मग वडापाव, पोहे किंवा खोलीतल्या इलेक्ट्रिक किटलीत केलेल्या मॅगीवर निघते. नाष्ट्याचा हजाराचा आकडा फुगतो तो इथे.

भाववाढ मेसच्या दरात लगेच दिसत नाही. जूनमध्ये ठरलेला दर मेसवाली बाई वर्षभर बदलू शकत नाही, मुले शेजारच्या गल्लीत जातील. त्यामुळे महागाई आधी वाटीत उतरते. २०१५ च्या ऑक्टोबरात तूरडाळ किलोला दोनशे रुपयांवर गेली तेव्हा वरण पातळ झाले आणि ताटात बटाटा वाढला. लातूर हे डाळमिलींचे शहर, तूर इथल्या शिवारात पिकते, तरी वाटीतली डाळ देशाच्या बाजारभावानेच येते. मेस चालवणाऱ्या बहुतेक बायका स्वतःही खेड्यातूनच आलेल्या असतात. कुणी विधवा, कुणाच्या नवऱ्याची शेती तोट्यात गेलेली. पहाटे चारला कणीक मळायला घेऊन रात्री दहाला भांडी उपडी घालणाऱ्या या बायकांच्या बळावर ही दोन्ही शहरे शिकतात. मेसचे तीन हजार मला महाग वाटत नाहीत. वाढत्या वयाच्या मुलाला त्यातून पुरेसे दूध, अंडी, फळे मिळत नाहीत, ही चिंता वेगळी आणि खरी आहे.

नांदेडमध्ये एक मोठा आधार आहे. सचखंड श्री हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या लंगरात कुणालाही, काही न विचारता जेवण मिळते. महिनाअखेरीला पैसे संपलेले विद्यार्थी तिथल्या पंगतीत बसतात आणि कुणी त्यांना ‘तू कुठला’ म्हणून विचारत नाही. वार लावून जेवणाऱ्या पिढीला प्रत्येक घरात जात सांगावी लागे. या पंगतीत ती सांगावी लागत नाही.

मेस परवडत नसेल किंवा मुलाच्या तब्येतीला सोसत नसेल, तर आई येऊन राहते. खोली दोन हजारांनी महाग होते, पण ज्वारी, तूरडाळ, शेंगदाणे, करडईचे तेल घरचे येते. गावातून एसटीच्या ड्रायव्हरकडे पिशवी द्यायची आणि इकडे स्टँडवर जाऊन घ्यायची, ही पद्धत मोबाइलच्या आधीपासून चालत आलेली आहे. आता पिशवी निघाली की गाडीचा नंबर व्हॉट्सअॅपवर येतो. चूल पेटवायला पाच किलोचा छोटा सिलिंडर घेतात, कारण गॅसचे कनेक्शन गावातल्या पत्त्यावर असते. हा छोटा सिलिंडर ओळखपत्र दाखवून कुठेही मिळतो, पण किलोला पडणारा त्याचा भाव घरगुती सिलिंडरपेक्षा बराच जास्त असतो.

या मांडणीत स्वस्त दिसणारा हिशेब प्रत्यक्षात स्वस्त नसतो. आई खुरपणीला, कापूस वेचायला जात होती. रोज तीनशे रुपये आणि महिन्याला पंधरा दिवस काम धरले तरी घराचे साडेचार हजार बुडाले. न मिळालेली ही मजुरी कुठल्याही वहीत लिहिली जात नाही. गावी सासू-सासरे, धाकटे मूल आणि नवरा यांच्या भाकरीचा प्रश्न उभा राहतो तो वेगळाच. दोन चुली चालवणारी अशी घरे ट्यूशन एरियाच्या प्रत्येक गल्लीत आहेत. त्या बायकांना शहरात ओळखपाळख नसते, दुपारी मूल क्लासला गेले की करायला काम नसते, आणि महिन्याच्या शेवटी नवऱ्याकडे पैसे मागताना त्यांचा जीव कासावीस होतो.

पाट्यांवरच्या ‘चोवीस तास पाणी’ या शब्दांना लातुरात वजन आहे, कारण २०१६ चा उन्हाळा कुणी विसरलेले नाही. धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले. मार्चमध्ये पाण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींची पहिली रेल्वे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला आली, आणि पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या येऊ लागल्या. त्या काळात हॉस्टेलचालक टँकर विकत घेत आणि त्याचा वाटा मुलांवर बसे. तेव्हापासून लातूरच्या हिशेबात पाण्याचा वेगळा रकाना आला तो गेलेला नाही. पिण्यासाठी वीस लिटरचा जार, वापरायला बोअर, आणि उन्हाळ्यात बोअर आटला की टँकर. नांदेड गोदावरीकाठी आहे, विष्णुपुरीचा जलाशय शहराला लागून आहे, त्यामुळे तिथे ही धास्ती तितकी नाही. मुखेड-कंधारच्या पालकाला दोन्ही शहरे सारखीच जवळ वाटतात, आणि लातूर की नांदेड हे ठरवताना तो पाण्याचाही विचार करतो.

परगावी राहण्याचा खर्च मोजण्याचे जगात शास्त्र झाले आहे. मर्सर ही सल्लागार संस्था जगातल्या दोनशेहून अधिक शहरांत घरभाडे, अन्न, प्रवास, कपडे, करमणूक अशा दोनशेहून अधिक बाबींचे भाव गोळा करते आणि न्यूयॉर्कशी त्यांची तुलना मांडते. कंपन्या परदेशी पाठवलेल्या कर्मचाऱ्याचा भत्ता त्यावरून ठरवतात. टोकियो या यादीत कितीतरी वेळा अगदी वर होते. येन घसरला तसे ते खाली आले. जपानी शहरात घर घेणाऱ्या परक्या माणसाला सुरुवातीलाच दणका बसतो. शिकिकिन म्हणजे अनामत, रेइकिन म्हणजे मालकाला द्यायची आणि परत न मिळणारी रक्कम, शिवाय दलाली आणि हमी घेणाऱ्या कंपनीची फी. दारात पाऊल टाकण्याआधी चार-पाच महिन्यांचे भाडे गेलेले असते. पण तिथे शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला परवानगी घेऊन आठवड्याला २८ तास काम करता येते, आणि जपान सरकारची शिष्यवृत्ती मिळाली तर पदवीच्या विद्यार्थ्याला महिन्याला १,१७,००० येन मिळतात. काही ठरावीक भागांत त्यात दोन-तीन हजार येनांची भर पडते. कोणीतरी बसून महिन्याचा आकडा काढलेला आहे आणि त्याला शहराशी जोडलेले आहे.

आपल्याकडेही शहरांची प्रतवारी आहे. केंद्र सरकार घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे एक्स, वाय आणि झेड असे तीन वर्ग करते. पाच लाखांपेक्षा जास्त लोकसंख्येचे शहर वाय वर्गात जाते. २०११ च्या जनगणनेत नांदेड-वाघाळ्याची लोकसंख्या साडेपाच लाख भरली, म्हणून ते वाय वर्गात. लातूर चार लाखांच्या आत राहिले, म्हणून झेड वर्गात. २०२४ पासून हा भत्ता वाय शहरात मूळ वेतनाच्या २० टक्के आणि झेड शहरात १० टक्के आहे. अठरा हजार मूळ वेतनाच्या कर्मचाऱ्याला नांदेडमध्ये ३,६०० रुपये मिळतात, लातूरमध्ये १,८००. शाहू कॉलेजच्या परिसरात किंवा खाडगाव रोडला खोली शोधणाऱ्याने हे कोष्टक बघितले तर त्याला काहीच अर्थ लागणार नाही. जूनमध्ये उतरणारी ही वस्ती शहराचे भाडे वाढवते, या कोष्टकात मात्र ते दिसत नाही.

आता सर्वांत गरीब मुलापाशी येऊ. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याने २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू केली. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी त्याच धर्तीवर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. या योजनांनी हजारो मुले शहरात टिकली, त्यांचे मोल मोठे आहे. स्वाधारमध्ये मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरले, आणि लातूर-नांदेड ज्यात येतात त्या इतर जिल्ह्यांच्या ठिकाणांसाठी ४३,०००. त्यात भोजन २५,०००, निवास १२,००० आणि निर्वाह ६,०००. महिन्यावर आणले तर जेवणाला दोन हजार त्र्याऐंशी, खोलीला एक हजार आणि बाकी सगळ्याला पाचशे. ट्यूशन एरियात हजार रुपयांत कॉट मिळत नाही. जेवणाचे दिवसाला सत्तर रुपयेही होत नाहीत, म्हणजे दोन ताटांना ते पुरत नाहीत. शिवाय पैसे खात्यात यायला उशीर लागतो, आणि खोलीचे भाडे जूनमध्येच मोजावे लागते. रिपीटरचे वर्ष कॉलेजच्या प्रवेशाशिवाय काढणाऱ्याला तर काहीच मिळत नाही, आणि गरीब घरातल्या हुशार मुलाला अनेकदा नेमके तेच एक वर्ष जास्त लागते.

योजना सुरू झाली तेव्हापासून देशाचा ग्राहक किंमत निर्देशांक जवळजवळ दीडपट झाला. सरकारी कर्मचाऱ्याचा महागाई भत्ता जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा निर्देशांक बघून ठरतो. विद्यार्थ्याच्या भत्त्याला असा कुठलाही निर्देशांक जोडलेला नाही.

ज्यांच्या नावाने लातूरचे ते महाविद्यालय आहे, त्या राजर्षी शाहूंनी हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी नीट ओळखला होता. कोल्हापुरात शाळा होत्या, पण खेड्यातल्या मुलाला राहायला जागा नव्हती. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे राहिले. त्यापाठोपाठ जैन, मुसलमान, लिंगायत अशा समाजांची वसतिगृहे आली, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. महाराजांनी त्यांना जागा दिल्या, इमारती दिल्या, कायमचे उत्पन्न लावून दिले. पुढे १९२४ मध्ये साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांनी सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली आणले. महाराष्ट्रात बहुजनांचे शिक्षण वर्गखोल्यांइतकेच या बोर्डिंगांनी घडवले. लातूर आणि नांदेडने गेल्या तीस-चाळीस वर्षांत शिकवण्याचे कौशल्य प्रचंड वाढवले, राहण्याची सोय मात्र बाजारावर सोपवली.

बाजारात उतरणाऱ्या पालकाला निदान आपले हक्क माहीत असावेत. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी करून नोंदवणे ही मालकाची जबाबदारी आहे. करार केला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, ते खोटे ठरवायची जबाबदारी मालकावर येते. भाड्याची पावती देणेही मालकाला बंधनकारक आहे. २०२४ च्या जूनमध्ये जीएसटी परिषदेने सलग किमान नव्वद दिवस राहणाऱ्याच्या, महिना वीस हजारांपर्यंतच्या हॉस्टेल भाड्याला करातून सूट दिली. तेव्हा हॉस्टेलच्या बिलात भाड्यावर जीएसटी लावलेला दिसला तर तो कशाचा, हे विचारावे. वर्षाचे भाडे एकदम मागितले तर दोन टप्पे करून मागावेत, आणि मूल मध्येच सोडून गेले तर किती परत मिळणार हे कराराच्या कागदावर लिहून घ्यावे. आपल्याकडे लोक लाजतात, ओळखीच्या माणसाने खोली दाखवली म्हणून कागद मागत नाहीत, आणि दिवाळीनंतर मूल आजारी पडून घरी आले की सहा महिन्यांचे भाडे सोडून देतात.

दोन्ही महापालिका आणि तिथले क्लासचालक यांना फार मोठी नाहीत अशी दोन कामे करता येतील. दर वर्षी मे महिन्यात वस्तीनिहाय खोली, कॉट आणि मेसचे चालू दर जाहीर करावेत, म्हणजे किनवटहून पहिल्यांदा येणारा बाप फसणार नाही. आणि लाखोंची फी घेणाऱ्या प्रत्येक क्लासने आपल्या गरीब मुलांसाठी काही खाटांचे वसतिगृह चालवावे. राज्य सरकारकडे एकच मागणी आहे. स्वाधार, स्वयम् आणि अशा सर्व निर्वाह भत्त्यांची रक्कम दर वर्षी महागाई निर्देशांकानुसार वाढवा, ती शहराच्या लोकसंख्येऐवजी तिथल्या प्रत्यक्ष भाड्यावरून ठरवा, आणि पहिला हप्ता जूनमध्ये, खोली घेण्याच्या दिवसांत, मुलाच्या खात्यात जमा करा.